टेशनाचा माळ : एका नॅरोगेज स्टेशनाच्या प्रकल्प नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४

नववीच्या यंदाच्या प्रकल्पाला ‘टेशनाचा माळ’ घ्यायचा, हे आज वर्गात नक्की झालं. गावाच्या पूर्वेला बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीचं स्टेशन होतं. अडीच फुटी गाडी, म्हणजे दोन रुळांत ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेज करताना मार्ग बदलला, धाराशिव शहर नव्या मार्गावर घेतलं गेलं, आणि जुन्या मार्गाचा जो तुकडा बाजूला पडला त्यात आमचं स्टेशन गेलं. नवी लाइन २००८ च्या ऑक्टोबरात कुर्डुवाडीपर्यंत जोडली गेली. वर्गातल्या एकाचाही तेव्हा जन्म झालेला नव्हता.

नोंदींत गावाचं नाव लिहायचं नाही, असं ठरवलंय. माळावर अजून थोडं लोखंड आणि बराच घडीव दगड पडून आहे, आणि दोन्हीला गिऱ्हाईक आहे.

‘स्टेशन कुठंय?’ असं विचारलं की मुलं पडक्या खोलीकडे बोट दाखवतात. छप्पर गेलेलं, भिंती छातीएवढ्या, एका बाजूला खिडकीचा चौकोन. प्रकल्पाचा प्रश्न त्यावरूनच काढला: स्टेशन नेमकं कुठून कुठपर्यंत होतं? उत्तर नकाशाच्या स्वरूपात द्यायचं, आणि प्रत्येक रेघ कशावरून काढली तेही शेजारी लिहायचं.

२३ नोव्हेंबर

आजचा वेळ वाचनात. मुलांना सांगण्यासाठी काढलेलं टिपण इथेही ठेवतो.

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची मुंबई–सोलापूर मुख्य लाइन १८५९–६० च्या सुमारास इकडे आली. तिच्यावर ‘बार्शी रोड’ नावाचं स्टेशन पडलं, तेच आजचं कुर्डुवाडी. खुद्द बार्शी तिथून ३४ किलोमीटर आत. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, बालाघाटावरचा माल तिथे उतरायचा, आणि तिथून पुढे कुर्डुवाडीपर्यंत बैलगाड्यांची रांग. ही रांग जीआयपीतल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरच्या नजरेत भरली. पुढे नोकरी सोडून तो विलायतेला गेला, पण बार्शीचा नाद सोडला नाही. १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी निघाली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी गाडी धावली. पंढरपूर १९०६, तडवळे १९०७, लातूर १९११, आणि शेवटी मिरज १९२७. एकूण ३२५ किलोमीटर. मिरजेला रूळ पोचले त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला.

मला या माणसाचं सगळ्यात आवडलं ते त्याचं गणित. त्याने एकच नियम धरला: इंजिन असो, डबा असो की मालाची वॅगन, कुठल्याही आसावर (चाकांची जोडी ज्या दांड्यावर बसते तो) पाच टनांपेक्षा जास्त वजन यायचं नाही. बाकी सगळं त्यातून आपोआप निघतं. आसावर पाच टन, तर रूळ मीटरला १५ किलोचा पुरतो (आज मुख्य मार्गांवर ६० किलोचा असतो). रूळ हलका, तर पूल हलके, भराव कमी, खर्च कमी. इंजिनाचं वजन मात्र कमी करून चालत नाही, नाहीतर ते ओढणार काय? म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीकडून त्याने आठ चालक चाकांची आणि मागे चार चाकांची इंजिनं घेतली. वजन तेवढंच, पण जास्त आसांवर वाटलेलं. मालाच्या वॅगन पंचवीस फुटी, दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्याच्या, बोगीवर, म्हणजे वळणावर फिरणाऱ्या चाकांच्या गाड्यावर, चालणाऱ्या. गुंतवणूकदारांना हे कागदावर पटेना, तेव्हा त्याने १८९४ मध्ये लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकून गाडी चालवूनच दाखवली.

(मुलांना यातलं लक्षात राहिलं ते वेगळंच. याच कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं आणि त्याला ‘गार्डियन एंजल’ नाव दिलं. उरलेला तास त्यातच गेला.)

एक गोष्ट मनाशी पक्की झाली. ही लाइन मुद्दाम स्वस्तात बांधली. मोठ्या दगडी इमारती, उंच फलाट, कमानी यांतलं काही इथे कधी नव्हतंच, मग उरणार कुठून? इमारत बघून काही हाती लागायचं नाही. जमीन बघायला हवी.

३० नोव्हेंबर

जमीन बघितली. आजचा दिवस चांगला गेला.

स्टेशनचं आवार सपाट लागतं, कारण इंजिन सोडून उभी केलेली वॅगन उतार मिळाला की घरंगळते. आमच्या इथली लाइन तर बालाघाटाकडे चढणारी. तेव्हा जुन्या भरावावर चढ मोजत जायचं आणि चढ जिथे थांबेल तिथे स्टेशन सुरू झालं असं धरायचं. उपकरण म्हणून गावातल्या गवंड्याची पाण्याची नळी मागून आणली. दोन टोकांना दोन मुलं, दोन मोजपट्ट्या, मधे नळी, वहीत आकडे लिहायला तिसरा. गवंडी स्वतः तासभर थांबला आणि नळीतला हवेचा बुडबुडा कसा काढायचा ते दाखवून गेला. पुस्तकातून हे शिकवता आलं नसतं.

बार्शीच्या बाजूने येताना दर दहा मीटरला चार-पाच बोटं चढ मिळत होता, अगदी एकसारखा. बाभळीच्या जाळीपुढे तो एकदम थांबला. नंतर सुमारे सव्वादोनशे मीटर पाणी दोन्ही टोकांना जवळजवळ सारखंच. मग पुन्हा तोच चढ. पडकी खोली या सपाट पट्ट्याच्या मध्यावरही नाही, एका टोकाकडे आहे.

भरावाची रुंदीही मोजली. एरवी साडेतीन मीटरच्या आसपास, सपाट पट्ट्यात नऊच्या वर. म्हणजे इथे एकाहून जास्त रूळ होते. खोलीसमोर जमिनीतून जेमतेम डोकं काढलेली कडेच्या दगडांची ओळ आहे, तोच फलाट. उंची नाहीच, डब्याच्या पायरीवर पाय ठेवून चढायचं.

७ डिसेंबर

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल मिळाली. अर्ज, शुल्क, हेलपाटे यांबद्दल लिहीत नाही. ज्याने सातबाऱ्याचं काम केलंय त्याला सांगायला नको.

नकाशावर सगळे गट चौकोनी-लांबट आहेत आणि त्यांच्या मधून रेल्वेच्या जागेची पट्टी वळत गेली आहे, अजगराने बकरू गिळावं तशी मधेच फुगलेली. तो फुगवटा आणि आमचा सपाट पट्टा एकमेकांवर ठेवून पाहिले. पश्चिमेचं टोक नेमकं जुळतं. पूर्वेला मात्र जागा सपाटीच्याही पुढे बरीच गेली आहे. सपाट नसलेली जागा रेल्वेने कशासाठी घेतली असेल? मुलांचे अंदाज: क्वार्टर, कोळशाचा ढीग, साहेबाचा बंगला. बंगल्याला सगळ्यात जास्त मतं पडली.

उपग्रहचित्रातही ही पट्टी स्पष्ट दिसते. रूळ उचलून इतकी वर्षं झाली, तरी दोन्हीकडच्या शेतांचे बांध त्याच वळणाने गेलेले आहेत.

१४ डिसेंबर

अण्णांची मुलाखत. अण्णा या लाइनवरचे निवृत्त सांधेवाले, आता मुलाकडे गावातच असतात. त्यांचे वडीलही याच लाइनीवर, पण ते ‘कंपनीचे’. १ जानेवारी १९५४ ला सरकारने बार्शी लाइट विकत घेऊन मध्य रेल्वेत घातली, तेव्हा वडील एका रात्रीत सरकारी नोकर झाले. “पगार तोच, टोपी तीच,” अण्णा म्हणाले.

मुलांनी त्यांना अभिमानाने खोलीची मापं दाखवली. अण्णा हसले.

“खोलीत काय व्हतं रं? तिकिटं, घंटा अन् मास्तरची खुर्ची. टेशन म्हंजी ह्या सांध्यापासून त्या सांध्यापातूर. मधलं समदं टेशन.”

आम्हाला जे शोधायला गवंड्याची नळी लागली ते त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं. सांधा म्हणजे एक रूळमार्ग दोनांत फुटतो ती जागा. बार्शीकडचा सांधा त्यांनी काठीने जागेवर दाखवला. तो बाभळीच्या जाळीपलीकडे, चढ थांबतो तिथून दहा-बारा पावलांवर निघाला. पूर्वेकडच्या सांध्याच्या जागी आता ज्वारी उभी आहे, तिथे आत जाता येईना.

कामाची पद्धत त्यांच्याकडून नीट लिहून घेतली. लाइन एकेरी, त्यामुळे दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी. पुढचा मास्तर ‘लाइन मोकळी’ म्हणाला की इकडचा मास्तर लाइन क्लिअरचा कागद लिहून ड्रायव्हरच्या हातात देणार. तो कागद हातात आल्याशिवाय गाडी हलणार नाही, मग आत आमदार बसलेला असो. समोरून गाडी यायची असेल तर एकीला लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, घ्यायचं. गाड्या बहुतेक मिक्स, पुढे मालाच्या वॅगन आणि मागे माणसांचे डबे, किंवा उलट. वॅगन भरायला ठेवायची तर चाकाखाली लाकडी गुटका, “अन् तरीबी रातच्याला उठून बघायचं.” त्यांच्या खांबापासून खांबापर्यंतच्या अंदाजाने लूप दीडशे मीटरचा. पंचवीस फुटी वॅगन आणि मधली जोडणी धरून मुलांनी हिशेब केला: दीड डझन वॅगन मावतील. अण्णांना विचारलं तर म्हणाले, “सोळाच्या वर कधी लागल्याच न्हाईत.”

चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडायची आणि पळत जाऊन पुन्हा गाडी धरायची, ही गोष्ट गावातला प्रत्येक जण सांगतो. छोटी गाडी जिथे जिथे होती तिथे ही गोष्ट असतेच, म्हणून मी ती नोंदींबाहेर ठेवणार होतो. अण्णांनी तिला एक अट घातली म्हणून घेतोय. “चढाला खरं हाय. उताराला उतरलं तर हातपाय हातात येत्याल.” आमच्या नळीच्या आकड्यांशी हे जुळतं.

३० डिसेंबर

वेळ अमावास्या. शाळेला सुट्टी, गाव ओस, सगळे शेतात. लाइनीला लागून ज्यांची शेतं आहेत त्यांना एकाच दिवशी गाठायचं तर याहून चांगला मुहूर्त नाही. प्रत्येक कोपीपुढे बसावं लागलं आणि भज्जी-आंबिलीला नाही म्हणता आलं नाही, त्यामुळे दुपारनंतर मोजमाप आवरतं घेतलं.

स्टेशनचे रूळ कुठे गेले ते कळलं. बहुतेक भंगारात, पण काही इथेच आहेत: गोठ्याची तुळई, फाटकाचा खांब, मोटरीच्या चौथऱ्याचा आधार. रुळाच्या पोटावर बनवणाऱ्याचं नाव उठवलेलं असतं. एका गोठ्यात कोळिष्टकं झाडल्यावर ‘टाटा’ अशी रोमन अक्षरं दिसली. टाटांच्या कारखान्यात पोलाद १९१२ पासून निघू लागलं. इथली लाइन त्याआधीच पूर्ण झाली होती. म्हणजे गोठ्यातला रूळ पहिल्या खेपेचा नाही, नंतर बदलून टाकलेला.

दुसरा एक तुकडा बिनानावाचा, बुटका. मालकाच्या परवानगीने धान्याच्या काट्यावर ठेवला. फूटभर लांबीला साडेचार किलोला किंचित कमी. मीटरला १५ किलोच्या रुळाचा फूटभर तुकडा साडेचार किलोच भरतो. गंजात थोडं गेलं असेल. हा कॅलथ्रॉपच्या वेळचा असण्याचा संभव बराच. गोठ्यातल्या टाटा रुळाचं वजन करता येत नाही, गोठा खाली येईल. त्याच्या कापलेल्या तोंडाचा कागदावर ठसा घेतला, तो बुटक्यापेक्षा स्पष्ट उंच आहे.

४ जानेवारी २०२५

पूर्वेकडच्या जास्तीच्या जागेचा उलगडा झाला. बंगला नाही, विहीर.

झुडपं तोडल्यावर बांधीव काठ दिसला. आतून घडीव दगड, सांधे इतके नेटके की बोट जात नाही. शेजारी दगडी चौथरा. अण्णांच्या सांगण्यानुसार त्यावर पाण्याची टाकी होती, खालून नळ सांध्यापर्यंत गेलेला. स्टेशनची खोली मातीत दगड रचून उभी केलेली आणि विहिरीला असलं काम! हे आधी विसंगत वाटलं, पण विचार केला तर त्यात पाच टनांचाच नियम आहे.

वाफेच्या इंजिनाला कोळशाआधी पाणी संपण्याची धास्ती असते. मोठ्या गाडीचं इंजिन मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा, जोडून पाण्याचा साठा घेऊन फिरतं. इथलं इंजिन टाकीवालं, म्हणजे पाणी स्वतःच्याच अंगावर, आणि अंगावरचं वजन पाच टनांच्या मापात बसवायचं. मग पाणी कमी घ्या आणि वाटेत पुनःपुन्हा भरा, त्यातून हा चढाचा मार्ग. रुळांवर वाचवलेल्या पैशातला काही भाग कंपनीला विहिरींत घालावा लागला असणार. हा माझा तर्क आहे आणि नकाशावर तो तर्क म्हणूनच लिहायचा, पण मला तो पटतो.

वर्गात यावरून लातूरच्या पाण्याच्या गाडीची गोष्ट निघाली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पंढरपूर–कुर्डुवाडी–बार्शीमार्गे लातूरला रेल्वेने पाणी आलं. बार्शी लाइटच्या जागी झालेली हीच ब्रॉडगेज. पहिल्या खेपेला दहा टाक्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर. फळ्यावर गणित मांडलं: ५० हजार लिटर म्हणजे ५० टन, टाकीला चार आस, म्हणजे आसावर नुसत्या पाण्याचे साडेबारा टन, टाकीचं वजन आणखी वेगळं. जुन्या रुळांवर ती टाकी अर्धीसुद्धा भरून चालली नसती. एका मुलाने विचारलं, मग छोट्या गाडीने लातूरला पाणी नेताच आलं नसतं का? आलं असतं, पण गाड्याच गाड्या लागल्या असत्या. किती, ते त्याला घरून काढून आणायला सांगितलंय.

विहिरीत आज पाणी आहे. पंचायतीची मोटर तिच्यावरच चालते, ही गोष्ट गावात कुणाला सांगण्यासारखी वाटली नव्हती.

१८ जानेवारी

नव्वदी ओलांडलेल्या एका आजींशी बोलणं झालं. त्यांचं लहानपण निजामाच्या मुलखातलं. बार्शी तालुका इंग्रजांकडे आणि धाराशिव, लातूर निजामाकडे, तेव्हा गाडी राज्याची हद्द ओलांडायची. निजामाच्या हद्दीत मालावर करोडगिरी, म्हणजे जकात. आणि नाणंही निराळं: तिकडे हाली, इकडे कळदार.

“सात हालीला सहा कळदार,” आजींनी पाढा म्हणावा तसं म्हटलं. हा भाव बरोबर आहे. मुलांना खरं वाटेना की बार्शीच्या बाजाराला जाताना बदलीचे पैसे लागायचे. आषाढीला पंढरपूरला जाताना डबे भरले की माणसांना मालाच्या वॅगनमधे बसवायचे, हेही त्यांनीच सांगितलं. “उभ्यानं गेलो. विठ्ठल बी उभाच की.”

१९४७–४८ बद्दल त्या फारशा बोलल्या नाहीत. सरहद्दीवर बार्शीच्या बाजूला स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प होते आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हद्दच पुसली गेली, एवढं मुलांना पुस्तकातून माहीत आहे. आजी फक्त म्हणाल्या, त्या पावसाळ्यात बरीच माणसं रात्रीची रुळांवरून चालत जायची. मी पुढे विचारलं नाही.

२२ फेब्रुवारी

आठवीतली एक मुलगी प्रकल्पात नाही, पण आज आपणहून आली. कसबे तडवळे हे तिचं आजोळ. फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते, आणि तिच्या आजोळी दरवर्षी या दिवसांत त्याची आठवण निघते. तडवळ्याचं स्टेशन याच लाइनवरचं. आमच्या नकाशात शेजारच्या स्टेशनांची एक पट्टी काढायची ठरली होती. त्यात तडवळ्यापुढे ‘परिषद, १९४१’ लिहायचं तिने सुचवलं. लिहिलं. पुढच्या वर्षी प्रकल्प तिच्या वर्गाकडे द्यायचा विचार आहे.

१ मार्च

नकाशा शाईने पक्का करायला घेतला. प्रमाण १ : ५००. मोजलेलं ते अखंड रेघेत, सांगीव ते तुटक रेघेत, तर्क असेल तिथे ठिपके. पश्चिमेचा सांधा अखंड, लूप तुटक, विहीर आणि चौथरा अखंड, टाकीपासूनचा नळ ठिपक्यांत. खोलीला सगळ्या कागदावर अंगठ्याएवढी जागा मिळाली. ती मोठी काढायला हवी होती असं दोघा-तिघांचं मत आहे. प्रमाण म्हणजे प्रमाण, म्हणून तशीच ठेवली.

खाली ‘स्टेशन बंद’ असं लिहावं की ‘मार्ग बदलला’ यावर वर्गात भांडण. अण्णांना विचारायला गेलो तर ते म्हणाले, “बंद कसलं, टेशन हाय तिथंच हाय, गाडीच दुसरीकडनं जाती.” दुसरा पर्याय घेतला.

एक प्रत पंचायतीत लावायला सरपंचबाई तयार आहेत. रेल्वेच्या हद्दीचे दगड दाखवण्यासाठी भूकरमापक यायचे आहेत. त्यांची तारीख मिळालेली नाही. पूर्वेकडचं शेत ज्यांचं आहे त्यांनी ज्वारी निघाल्यावर आत येऊ देतो म्हणून सांगितलंय. काढणी पंधरा दिवसांवर आहे. तोवर पूर्वेचा सांधा तुटक रेघेतच राहील, आणि नळी गवंड्याला परत द्यायची नाही.